आजी ‘जरा सुस्त’ होती

शुक्रवार संध्याकाळ, डोक्यावर डेडलाइन, आणि अंबाजोगाईहून काकांचा फोन. ‘‘आजीचं काही विशेष नाही गं, जरा सुस्त आहे. दोन दिवस नीट जेवली नाही.’’ ताप? नाही. खोकला? किरकोळ. ‘‘वय झालंय,’’ काका म्हणाले. मीही ‘वीकेंडला बघू’ म्हणून फोन ठेवला.

रविवारी आजीनं विचारलं, ‘‘आण्णा शेतातून आले का?’’ आण्णा, म्हणजे माझे आजोबा, जाऊन अकरा वर्षं झालीत.

तो न्यूमोनिया होता. आपल्या डोक्यात न्यूमोनिया म्हणजे सणसणीत ताप आणि ढास. ऐंशीच्या पुढे मात्र शरीराची प्रतिकाराची धार बोथट झालेली असते. ताप येतोच असं नाही, खोकायलाही जोर उरत नाही. मग तो दिसतो तो असा: जेवण सुटणं, बरळणं, तोल जाऊन पडणं. घरात ऑक्सिमीटर नसला तरी घड्याळ असतंच. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत श्वास मोजा. तीस किंवा जास्त भरले, तर वीकेंडची वाट बघायची नाही. आजीचे छत्तीस भरले.

त्यातल्या त्यात नशीब म्हणजे अंबाजोगाई. ग्रामीण भागातलं मेडिकल कॉलेज इथे सत्तरच्या दशकापासून आहे, त्यामुळे गाव लहान असलं तरी डॉक्टर नवीन नाहीत. एका आयसीयूत आजीला घट्ट मास्कमधून दाबानं ऑक्सिजन सुरू झाला. रात्री दोनला पुण्यात माझा फोन वाजला. मास्कवर भागलं नाही तर घशात नळी टाकून व्हेंटिलेटर लावायचा का?

गुगलायला वेळ नव्हता. नंतर समजून घेतलं ते असं: व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. ते काम अँटिबायोटिकचं आणि शरीराचं. मशीन फक्त वेळ मिळवून देतं. तिशीतल्या माणसाला तो वेळ बऱ्याचदा पुरतो. शहाऐंशीव्या वर्षी मात्र पडून राहून स्नायू भराभर झिजतात, श्वासाचेसुद्धा, आणि मग नळी निघता निघत नाही. तरी नुसत्या वयावर फुली मारायची नसते. २०२१ मध्ये शेजारच्या लातूरमधून १०५ वर्षांचे आजोबा आणि ९५ च्या आजी कोविडमधून बरे होऊन घरी गेले होते. म्हणून डॉक्टरांनी मला वय विचारलंच नाही. विचारलं, ‘‘महिन्याभरापूर्वी स्वतःची अंघोळ स्वतः करायच्या का?’’

मला माहीत नव्हतं. लाज वाटली.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड: ‘‘त्यांना स्वतःला काय हवं होतं?’’ हे आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आमच्या घरात वाटणीपत्र होतं, हे नव्हतं.

नळी लागली नाही. नवव्या दिवशी आजी घरी आली. बाजेवर बसून मी कागद काढला आणि विचारलं.

‘‘नळीबिळी नको,’’ ती म्हणाली. ‘‘तो मास्क चालंल. आन् मराठीत लिही, मला वाचून बघायचंय.’’