पळस कोणता, पांगारा कोणता?

फेब्रुवारी संपत आला की रानातली पुष्कळ झाडे पाने गाळून उघडी होतात. अशा दिवसांत विदर्भात किंवा मराठवाड्यात बसने जाताना दूरवर एखादे झाड पेटल्यासारखे केशरी-लाल दिसते. आपण चटकन म्हणतो, "तो पहा पळस!" पण तो पळसच असेल असे नाही. काटेसावर आणि पांगारा हेही याच सुमारास, असेच पाने गाळून फुलतात. होळीचा केशरी रंग पळसाच्या फुलांचा करतात. तेव्हा फुले वेचायची तर आधी झाड ओळखता आले पाहिजे, आणि नुसता रंग पाहून ते जमत नाही. पिवळ्या फुलांचा पळसही क्वचित आढळतो!

काटेसावर ओळखणे सोपे आहे. तिचे फूल चांगले मोठे, पाच जाड पाकळ्यांचे, पेल्यासारखे असते.

खरी फसगत होते ती पांगाऱ्यामुळे. उर्दूत पळसाला ढाक किंवा टेसू म्हणतात. 'ढाक के तीन पात' ही म्हण तुम्हाला ठाऊक असेलच. मराठीतही 'पळसाला पाने तीनच' असे म्हणतात. म्हण खरी आहे. पण पांगाऱ्यालाही तीन-तीनच पाने असतात. दोन्ही झाडे एकाच कुळातली, वाटाण्याच्या कुळातली आहेत.

म्हणून झाडाजवळ जा. मात्र फांदीला हात लावण्याआधी नीट पहा. पांगाऱ्याच्या फांद्यांवर लहान, टोकदार काटे असतात. पळसाला काटे नसतात. त्याचे खोड वेडेवाकडे आणि साल खरबरीत असते. मग कळी पहा. पळसाच्या कळीचे आवरण काळपट तपकिरी, मखमलीसारखे मऊ असते. त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी बाहेर येते. संस्कृतात पळसाला 'किंशुक' म्हणतात. म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' किती नेमके नाव आहे पहा! पळसाचे पुंकेसर या चोचीत झाकलेले असतात. पांगाऱ्याची फुले अधिक लाल, फांदीच्या टोकाला दाट तुऱ्यात येतात आणि त्यांचे पुंकेसर बाहेर डोकावतात.

फुले गळून गेली तर शेंगा पहाव्यात. पांगाऱ्याच्या शेंगेत बऱ्याच बिया असतात. त्या विषारी असतात, तोंडात घालू नयेत. पळसाची शेंग चपटी आणि हलकी असते. तिच्या टोकाशी एकच बी असते आणि ती शेंगेसकट वाऱ्यावर उडून जाते.