काशाच्या चित्रातल्या बाया

काशाची वाटी आपल्याकडे असतेच, तूप लावून तळपाय घासायची. तांबं आणि कथील एकत्र वितळवलं की कासं होतं. स्मारकांचे पुतळेही बहुतेक त्याचेच. लोखंडासारखं ते गंजून झडत नाही. वर हिरवट थर चढतो, तोच आतला धातू जपतो.

लंडनला थेम्स नदीकाठी असं एक स्मारक आहे. १९४० साली जर्मनीची विमानं इंग्लंडवर चालून आली, त्यांना आकाशात अडवणाऱ्यांची आठवण म्हणून २००५ साली ते झालं. जागा मात्र जुनीच. पूर्वी जमिनीखालून वाफेची आगगाडी धावायची. तिचा धूर सोडायला तिथे ग्रॅनाइटचं २५ मीटर लांब बांधकाम होतं. तेच मधून तिरकं कापून वाट काढली आणि शिल्पकार पॉल डे यांची काशाची उठावदार चित्रं बसवली.

चित्रात विमानाकडे धावणारे वैमानिक आहेत, तशा कारखान्यात राबणाऱ्या बायाही आहेत. मला त्यांच्यापाशीच थांबावंसं वाटतं. त्या लढाईत शत्रूची विमानं कुठवर आली, ते मोठ्या नकाशावर लांब काठीने खुणा सरकवून दाखवायचं काम हवाई दलातल्या मुली करत. ते बघूनच वैमानिकांना हुकूम सुटे.

बाहेरच्या बाजूला देशवार नावं आहेत, २,९०० हून अधिक. ती विमानातून लढलेल्यांची. या मुलींची नाहीत.

तुमच्या गावात असा नावांचा दगड असेल तर थांबून वाचा. बाईचं नाव सापडलं, तर आम्हाला कळवा.