ताटी लावलेले मन



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. पुढे ती महाराष्ट्रात गावोगाव पसरली. दिवसभराच्या उन्हाने तापलेली माणसे संध्याकाळी घराबाहेर पडतात, शेजारी शेजारी बसतात आणि एकाच विषयाचा विचार करतात. व्याख्याता चांगला बोलला तर उत्तमच. पण तो सामान्य बोलला तरी हे एकत्र बसणे काही वाया जात नाही. आजचा माझा विषय या एकत्र बसण्याशीच निगडित आहे. माणसाला एकाकीपणा का येतो, एकाकी माणूस पुष्कळदा रागीट का होतो आणि बोलण्याचालण्याच्या काही साध्या सवयींनी यातून मार्ग काढता येतो काय, हे आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एकांत वेगळा आणि एकाकीपणा वेगळा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, महात्मा गांधी दर सोमवारी मौन पाळीत. कोणी काही विचारले तर चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. हा एकांत त्यांनी स्वतः निवडलेला होता, आणि मंगळवारी बोलावयास माणसे होतीच. एकाकीपणा कोणी निवडीत नाही. मनाला जितका जिव्हाळा हवा असतो आणि जितका प्रत्यक्षात मिळतो, त्यांतील अंतर म्हणजे एकाकीपणा. म्हणूनच भरल्या घरातील सासू एकाकी असू शकते, आणि भर बाजारात कापसाची गाडी घेऊन उभा असलेला शेतकरीही एकाकी असू शकतो.

एकाकीपणा आणि राग यांची गाठ आपल्या पूर्वजांनी फार लवकर ओळखली होती. ज्ञानेश्वरांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. लोकांच्या अपमानकारक वागणुकीने ते दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशी आली आणि तिने अभंगांतून त्यांची समजूत घातली, अशी परंपरा आहे. ते ‘ताटीचे अभंग’ म्हणून प्रसिद्ध आहेत. या कथेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दुखावलेल्या मनाची पहिली हालचाल दार लावण्याची असते. आत राग असतो, बाहेर जग असते, आणि मध्ये ताटी असते. मुक्ताबाईने दार फोडले नाही, आणि ती निघूनही गेली नाही. ती दाराशी उभी राहून बोलत राहिली.

आता आधुनिक मानसशास्त्र काय म्हणते ते पाहू. शिकागो विद्यापीठातील जॉन कॅसिओपो यांनी आयुष्याचा मोठा काळ एकाकीपणाच्या अभ्यासाला दिला. त्यांचे म्हणणे असे की, एकाकीपणा हा भूक-तहानेसारखाच शरीराचा इशारा आहे. भूक सांगते अन्न शोध. एकाकीपणा सांगतो माणूस शोध. परंतु या इशाऱ्यात एक मेख आहे. कळपाबाहेर पडलेला प्राणी जसा कान टवकारून सावध राहतो, तसे एकाकी माणसाचे मन धोक्याचा वास घेत राहते. शेजाऱ्याने नमस्कार केला नाही, तर ‘त्याचे लक्ष नसेल’ असे त्याला वाटत नाही. ‘मुद्दाम तोंड फिरवले’ असेच वाटते. मग तो तुसडेपणाने बोलतो. शेजारी खरोखरच दूर होतो. आपला संशय खरा ठरला असे या माणसाला वाटते, आणि ताटी अधिकच घट्ट बसते.

२००१ साली जीन ट्वेंगी, रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना चाचणीच्या निमित्ताने खोटेच सांगण्यात आले की, ‘तुम्ही पुढील आयुष्यात एकटे पडाल.’ नंतर दुसऱ्या माणसाला कर्कश आवाजाचा त्रास देण्याची संधी मिळाली, तेव्हा याच विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा अधिक त्रास दिला. केवळ एकटे पडण्याच्या भाकिताने हे घडते, तर ज्याला खरोखरीच वर्षानुवर्षे कोणी विचारीत नाही त्याचे काय होत असेल?

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली आपला अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो, आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या आसपास मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो, असा त्यातील अंदाज आहे. पण आकडे दूरचे वाटतात. आपण आपल्याकडे पाहू. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, हे आपणां सर्वांच्या काळजातले शल्य आहे. त्याची कारणे कर्ज, पाऊस, भाव, बोंडअळी अशी अनेक आहेत, आणि ती गोड बोलण्याने दूर होणारी नाहीत. तरीही एक गोष्ट आपल्या हातची आहे. कृषी केंद्राची उधारी थकलेला माणूस रस्ता बदलून जाऊ लागतो, पारावर बसेनासा होतो, लग्नाला जाणे टाळतो. घरात विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो, दुसऱ्यांदा विचारले तर खेकसतो. त्या खेकसण्याला आपण स्वभाव म्हणतो. वस्तुतः ती लावलेली ताटी असते.

अशा ताटीशी जाऊन बोलल्याने काही होते काय? विदर्भातच याचा अनुभव घेतला गेला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले गेले. त्यांनी घरोघरी विचारपूस केली, धीर दिला आणि गरज पडेल तेथे डॉक्टरांची गाठ घालून दिली. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. अठरा महिन्यांत, नैराश्य असूनही कोणाची मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले, आणि नैराश्याचे प्रमाण शेकडा १४.६ वरून ११.३ वर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नसल्यामुळे सगळे श्रेय या एका कामाला देता येणार नाही. परंतु आपला माणूस दाराशी आला तर ताटी उघडते, एवढे त्यातून निश्चित दिसते. शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्याच्या मुळाशीही हीच विचारपूस आहे.

आपल्या भूमीला ही विद्या नवीन नाही. संत गाडगेबाबा कीर्तनात नुसते सांगत नसत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. ज्याला कोणी कधी काही विचारले नव्हते, त्यालाही तेथे बोलावयास मिळे. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजविली. तिच्या निमित्ताने माणसे रोज एकमेकांसमोर येऊन बसत. आपल्या भागातील कोलामांच्या पोडात मध्यभागी चावडी असते. चावडी म्हणजे गावाने एकत्र बसण्यासाठी राखून ठेवलेली जागा. आपल्या नव्या वस्त्यांत घरे पक्की झाली, परंतु अशी जागा ठेवावयाचे राहून गेले.

तेव्हा सवयी कोणत्या लावून घ्याव्यात? चार सांगतो.

पहिली सवय, दोनदा विचारण्याची. ‘काय भाऊ, जेवले काय?’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर ऐकण्यासाठी मात्र आपण थांबत नाही. थांबावे, आणि पुन्हा विचारावे.

दुसरी, मध्ये न तोडता ऐकण्याची. दुःख सांगणाऱ्याला ‘माझे तर याहून वाईट झाले’ असे म्हणणे हे सांत्वन नव्हे. उपदेशही लगेच देऊ नये. पुष्कळांना उत्तर नको असते, साक्षीदार हवा असतो.

तिसरी, माणसाला नावे न ठेवता घटना सांगण्याची. बाप मुलाला म्हणतो, ‘तुले अक्कलच नाही.’ मुलगा यावर काय करील? तो तरी उलट बोलेल, नाही तर उठून जाईल. त्याऐवजी, ‘काल फवारणी राहून गेली बाप्पा, मले घोर लागला, आज करशीन काय?’ असे म्हटले तर पाहा. घटना सांगितली, मनातली चिंता सांगितली, आणि मागणे मागितले. मुलाला ‘हो’ म्हणावयास जागा राहिली.

चौथी, रागाच्या भरात उत्तर न देण्याची. पूर्वी रागाने लिहिलेले पत्र टपालात पडेपर्यंत रात्र उलटत असे. आज मोबाईलवर ते एका क्षणात शंभर जणांच्या गटात जाऊन पडते, आणि सकाळी दोन घरांचे बोलणे बंद झालेले असते. रात्री लिहावे, सकाळी वाचावे; शक्य तर पाठवूच नये, समोर जाऊन बोलावे. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचे सूत्र हेच होते, की दोन्ही बाजू गावातच समोरासमोर बसवाव्यात.

परंतु या उपायांची मर्यादाही सांगितली पाहिजे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला ‘तू जरा नीट बोलत जा’ असे सांगणे हा अन्याय आहे. तेथे तिला संरक्षण हवे, संभाषणकला नव्हे. त्याचप्रमाणे ज्याची झोप गेली, जेवण सुटले, जो मरणाची भाषा बोलू लागला, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. मधुमेहासाठी औषध घेण्यात जशी लाज नाही, तशी यातही नसावी.

श्रोतेहो, आता आपण उठाल आणि घरी जाल. वाटेत एखादे घर असे लागेल की, ज्या घरचा माणूस पूर्वी आपल्याबरोबर येथे येत असे आणि या वर्षी आलेला नाही. तो का आला नाही, याचा तर्क करीत बसू नये. उद्या त्याच्या दाराशी जावे आणि त्याला हाक मारावी. त्याने पहिल्या हाकेला ओ दिली नाही, तर थोडे थांबावे. मुक्ताबाईलाही एकाच अभंगात यश आलेले नव्हते.