आक्रसलेला स्ट्राइक झोन आणि पिचर

सॉफ्टबॉलची होम प्लेट ४३ सेंटीमीटर रुंद असते. तिच्या वर, बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत कल्पिलेली चौकट म्हणजे स्ट्राइक झोन. काही पंच कडेच्या चेंडूंना स्ट्राइक देत नाहीत; चौकट जणू आक्रसते. मग पिचरने काय करावे?

महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी प्लेटपासून १३.१ मीटरवर असते. पाऊल पुढे टाकून चेंडू सोडताना सुमारे ११.५ मीटर उरतात. दिशा एका अंशाने चुकली, तरी चेंडू प्लेटपाशी २० सेंटीमीटर बाजूला जातो. म्हणून कडा शोधत राहिल्यास 'बॉल' वाढतात. चार झाले की बॅटरला पहिला बेस आयता मिळतो. मधोमध सरळ टाकावा, तर फटका बसतो.

उरतात वेळ आणि उंची. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर ०.४१ सेकंदात कापतो, ८० किलोमीटरचा ०.५२ सेकंदात. हात त्याच झपाट्याने फिरवून चेंडू हळू सोडला, तर बॅट आधीच फिरून जाते. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिली, तर हवा त्याला खाली ढकलते. तो चौकटीतूनच जातो, पण बॅटरच्या अंदाजापेक्षा खालून. फटका जमिनीलगत जातो.

या दोन वेळांत गुरुत्वामुळे चेंडू किती खाली येईल, हे विद्यार्थ्यांकडून अवश्य काढून घ्यावे.