एल्फ राजपुत्र, चंदेरी ड्रॅगन आणि ओलीस धरलेली अंडी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं किंवा ज्यांचे इअरफोन लोकलच्या गर्दीत हरवलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना माझं जे "म्हणजे कसंय ना" चालू असतं, ते बरंचसं कापलंय. सगळं नाही.

टार्गेरियन घराण्यावर भाग केला तेव्हापासून एक प्रश्न फिरून फिरून येतोय. माणसं ड्रॅगनवर बसतात हे पाहिलं, पण एल्फ राजपुत्र ड्रॅगनवर बसून लढतो अशी गोष्ट कुठे आहे? एकाने तर ठामपणे लिहिलंय की ती टोल्किनमध्येच असणार.

नाही बाबा. टोल्किनमध्ये ते शक्यच नाही. तिथे ड्रॅगन हे मॉरगॉथने एल्फांच्याच विरोधात घडवलेलं हत्यार आहे. पहिला ग्लाउरुंग, त्याला पंखही नव्हते. पंखवाले शेवटच्या महायुद्धात बाहेर आले आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या अँकॅलॅगॉनला एआरेंडिलने उडत्या जहाजातून मारलं. तिथल्या एल्फाला ड्रॅगनवर बसायला सांगणं म्हणजे समोरून येणाऱ्या रणगाड्याला खोगीर घालायला सांगण्यासारखं आहे.

म्हणजे ही जोडी नंतर कोणीतरी जुळवली. कोणी, याची एकच तारीख सांगता येत नाही, पण दोन पायऱ्या स्पष्ट दिसतात. 1961 साली मायकल मूरकॉकची एलरिकची पहिली कथा आली. पांढरे केस, लाल डोळे, मेल्निबोने नावाच्या बेटाचा राजा. त्याच्या लोकांना मूरकॉक एल्फ म्हणत नाही, पण ते माणसांहून जुने, देखणे आणि निर्दयी आहेत आणि त्यांच्या गुहांमध्ये ड्रॅगन झोपलेले असतात. मग 1967-68 मध्ये ॲन मॅकॅफ्रीने पर्न नावाच्या ग्रहावरच्या कथा लिहिल्या. अंड्यातून बाहेर आल्या आल्या ड्रॅगन आपला स्वार निवडतो आणि दोघांची मनं कायमची जोडली जातात, ही कल्पना तिथून सगळीकडे पसरली. 'एरागॉन' वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यातही पहिला ड्रॅगन-स्वार एल्फच आहे बरं का, त्याचं नावही एरागॉनच.

पण राजपुत्र, एल्फ आणि ड्रॅगन हे तिन्ही एकत्र, आणि तेही सगळ्यात चांगलं कुठे जमलंय असं विचाराल, तर माझं उत्तर 'ड्रॅगनलान्स'. आजचा भाग त्यातल्या गिल्थानसवर. पुढे स्पॉयलर आहेत. पुस्तकांना चाळीस वर्षं होऊन गेलीत, पण ज्यांना नकोत त्यांनी इथेच थांबा, राग नाही.

थोडी पार्श्वभूमी. 1980 च्या दशकात टीएसआर ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळाची अमेरिकन कंपनी. तिथे नोकरी लागलेला ट्रेसी हिकमन बायकोबरोबर, लॉराबरोबर, युटाहून विस्कॉन्सिनला गाडीने चालला होता. त्या प्रवासात दोघांनी ड्रॅगनांचं राज्य असलेल्या जगाची कल्पना रंगवली. 1984 मध्ये खेळाचे मॉड्यूल यायला लागले आणि मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची कादंबरीत्रयी 1984-85 मध्ये आली. एकच गोष्ट खेळ आणि पुस्तक अशा दोन्ही रूपांत जवळजवळ बरोबरीने बाहेर पडली. पहिल्या पुस्तकात तर फासे टाकल्याचा आवाज येतो अक्षरशः.

जगाचं नाव क्रिन. या खेळात ड्रॅगनांचा रंग बघून स्वभाव कळतो. लाल, निळा, हिरवा, काळा, पांढरा हे दुष्ट. सोनेरी, चंदेरी, कांस्य, पितळी आणि तांबडा, म्हणजे धातूंच्या रंगाचे, ते सज्जन. (रंगावरून स्वभाव ठरवणं मला खटकतं. पण तो वेगळा भाग होईल.) ताखिसिस नावाची अंधाराची राणी परत येतेय, तिच्या सैन्याकडे दुष्ट ड्रॅगन आहेत आणि सज्जन ड्रॅगन गायब. ते का गायब आहेत? हा धागा लक्षात ठेवा.

गिल्थानस हा क्वालिनेस्ती एल्फांच्या राजाचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ पोर्थियोस गादीचा वारस, धाकटी बहीण लॉराना सगळ्यांची लाडकी, आणि हा मधला. मधल्या मुलांना कळेल मी काय म्हणतोय. पहिल्या पुस्तकात तो आपल्याला आवडतच नाही. लॉरानाचं प्रेम टॅनिसवर आहे आणि टॅनिस अर्धा एल्फ, अर्धा माणूस. गिल्थानस आणि टॅनिस एकत्र वाढलेले, पण हे प्रेम म्हटल्यावर गिल्थानसचा चेहराच बदलतो. आमच्या घरात मिश्र रक्त नको. हे वाक्य कुठल्या जगातलं आहे ते मी सांगायची गरज नाही.

मग युद्धात क्वालिनेस्ती हातचं जातं. एल्फ निर्वासित होतात. दक्षिण एर्गॉथ बेटावर क्वालिनेस्ती आणि त्यांचे दूरचे भाऊबंद सिल्वानेस्ती येऊन राहतात. तिथे आधीपासून राहणारे कागोनेस्ती, म्हणजे रानातले एल्फ. त्यांना हे दोन्ही पाहुणे नोकर करून ठेवतात, खरं तर गुलामच. स्वतःचं घर नुकतंच लुटलं गेलंय, आणि आल्या आल्या दुसऱ्याच्या घरात मालक! दुसऱ्या पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. एल्फ म्हणजे थोर, शांत, निसर्गप्रेमी ही आपल्या डोक्यातली इमेज इथे पार धुऊन निघते.

त्या नोकरांमध्ये सिल्वारा असते. चंदेरी केसांची, जखमांवर उपचार करणारी कागोनेस्ती मुलगी. ती जखमी गिल्थानसवर उपचार करते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. बहिणीला अर्धा माणूस चालणार नाही म्हणणारा हा राजपुत्र, ज्यांना त्याचे लोक गुलाम समजतात त्यांच्यातल्या मुलीवर प्रेम करतो. सिल्वाराही करते. पण ती सतत मागे सरते. सांगत काहीच नाही.

कारण ती एल्फ नाहीच. ती चंदेरी ड्रॅगन आहे.

आता इथे खेळाचा एक नियम गोष्टीच्या कामी आलाय. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये चंदेरी ड्रॅगन रूप बदलतात आणि त्यांना माणसांत, एल्फांत मिसळून राहायची आवड असते. नियमपुस्तकातली ही एक ओळ. तिच्यातून लेखकांनी अख्खी शोकांतिका काढली. आणि क्रिनमध्ये हे पहिल्यांदा घडत नाही. फार पूर्वी ह्यूमा नावाच्या सरदारावर अशाच एका चंदेरी ड्रॅगनने प्रेम केलं. ती माणसाचं रूप घेऊन राहिली आणि शेवटी ताखिसिसशी लढताना दोघेही गेले. ती सिल्वाराची बहीण. म्हणजे या वाटेचा शेवट कुठे होतो हे सिल्वाराने घरातच पाहिलंय.

गुपित कळतं तेव्हा गिल्थानस हादरतो आणि तिला झिडकारतो. रोमँटिक मिठी वगैरे काही नाही. मला हे पटतं. तो आयुष्यभर रक्ताची शुद्धता शिकत आलाय, दोन आठवड्यांच्या प्रेमाने ते पुसलं जाणार नाही.

आता तो धागा. सज्जन ड्रॅगन कुठे होते? युद्धाआधी, ते झोपेत असताना, त्यांची अंडी चोरली गेली. ताखिसिसच्या बाजूने निरोप आला की युद्धापासून लांब राहा, संपलं की अंडी परत मिळतील. त्यांनी तशी शपथ घेतली. इकडे शहरं जळत राहिली आणि ज्यांच्यात थांबवायची ताकद होती ते गप्प बसले. भ्याड म्हणून नाही, लेकरं समोरच्याच्या हातात होती म्हणून. सिल्वारा एल्फांना ड्रॅगनलान्स या भाल्यांपर्यंत नेते, स्वतःची ओळख सांगते, तेव्हा ती ही शपथ मोडत असते. चूक ठरली तर किंमत तिची एकटीची नाही, तिच्या सगळ्या जातीची पिल्लं.

मी ऑन-कॉल ड्यूटी करणारा माणूस आहे, रॅन्समवेअरच्या गोष्टी आम्हाला रात्री झोप लागू नये म्हणून सांगितल्या जातात. त्यातला पहिला धडा असा की समोरचा परत देईल हा शब्द तपासता येत नसेल, तर तुमच्या हातात करार नाही, नुसती आशा आहे. ड्रॅगनांनी तपासलंच नव्हतं. तपासायला जातात ते सिल्वारा आणि गिल्थानस. दोघंच, शत्रूच्या सँक्शन शहरात, ज्वालामुखींच्या मधोमध. तो तिला झिडकारल्यानंतरही जातो, हे महत्त्वाचं.

तिथे त्यांना दिसतं की अंड्यांवर काळी जादू करून त्यातून ड्रॅकोनियन बनवतायत. ड्रॅकोनियन, म्हणजे ताखिसिसच्या सैन्यातले ते सरड्यासारखे शिपाई. पितळी ड्रॅगनच्या अंड्यातून बाझ, तांबड्याच्या अंड्यातून कपाक, कांस्यमधून बोझाक, चंदेरीमधून सिवाक, सोनेरीमधून ऑराक. बाझ मेला की त्याचा दगड होतो आणि मारणाऱ्याची तलवार त्यात अडकते. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला आपले हिरो याच बाझांशी लढतात आणि वाचताना आपण मजेत मोजत असतो, एक गेला, दोन गेले. दोन पुस्तकांनंतर कळतं की ती कोणाची पिल्लं होती. मी तेव्हा मागे जाऊन ते पहिलं लढाईचं प्रकरण पुन्हा वाचलं. वाचवेना.

ही बातमी पोचते आणि शपथ संपते. सज्जन ड्रॅगन युद्धात उतरतात, गिल्थानस सिल्वाराच्या पाठीवर बसून येतो, लॉरानाही ड्रॅगनवरून सैन्याचं नेतृत्व करते. तर तुम्ही विचारलेला एल्फ राजपुत्र हाच.

आता माझा आवडता बारीक प्रश्न. ड्रॅगनला स्वार लागतोच कशाला? सिल्वाराकडे पंजे आहेत, जादू आहे, गोठवणारा श्वास आहे. ऐंशी किलोचा एल्फ पाठीवर घेऊन तिला काय मिळतं? बहुतेक फँटसी हे विचारतच नाहीत. ड्रॅगनलान्स विचारते. भाला धरायला हात लागतात. दुष्ट ड्रॅगनला आकाशात भिडून मारायचं असेल तर तो लांब भाला खोगिरावर बसवून कोणीतरी नेमका रोखायला हवा. शिवाय पाठ सांभाळणारी डोळ्यांची एक जोडी जास्त. म्हणजे गिल्थानस मालक नाही आणि सिल्वारा घोडा नाही. दोघांकडे अर्धं अर्धं हत्यार आहे.

याच्या उलट टोकाला ब्रिटिश खेळ 'वॉरहॅमर'. तिथे कॅलेडॉर नावाचं एल्फ राज्य आहे, ज्वालामुखींच्या डोंगरात. त्यांचे पूर्वज ड्रॅगनवर बसून लढायचे. मग डोंगर थंड होत गेले, ड्रॅगनांची झोप वाढत गेली, आणि आता मोजकेच जागे होतात. तर त्या राज्याच्या उमराव पथकाचं नाव आजही 'ड्रॅगन प्रिन्सेस' आहे आणि ते बसतात कशावर? घोड्यावर! चिलखतावर ड्रॅगन, शिरस्त्राणावर ड्रॅगन, खाली घोडा. पडक्या वाड्यात राहून आजोबांच्या हत्तीबद्दल बोलणारी माणसं आपण पाहिलीत ना, तसंच. त्यांचा राजपुत्र इम्रिक मात्र खरंच ड्रॅगनवर बसतो आणि झोपलेल्यांना उठवायच्या मागे असतो. इम्रिकवर वेगळा भाग करायचा विचार आहे, कारण त्याच्या घराण्याचा इतिहास एका भागात मावणार नाही.

गिल्थानसबद्दल एक तक्रार नोंदवतो. अंड्यांचा शोध, म्हणजे अख्ख्या युद्धाला कलाटणी देणारा प्रवास, त्रयीमध्ये पडद्यामागे होतो. तो आणि सिल्वारा निघतात, मग तिसऱ्या पुस्तकात परत येऊन सांगतात. मधलं सगळं ऐकीव. सँक्शनच्या त्या तळघरात एल्फाशेजारी उभी राहून स्वतःच्या जातीची अंडी फुटताना बघणारी सिल्वारा, हा सीन मला हवा होता. मुख्य पात्रांची गर्दी होती हे मान्य, पण दारू पिऊन पडणाऱ्या पात्रांना पानंच्या पानं मिळालीत हो.

वाचायचं असेल तर क्रम सोपा आहे: 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट', मग 'विंटर नाइट', मग 'स्प्रिंग डॉनिंग'. पहिल्याची पहिली शंभर पानं जरा सहन करा. आणि एक काम द्या मला सांगून: मराठीत एल्फला काय म्हणायचं? यक्ष म्हटलं की मेघदूत आठवतं, गंधर्व म्हटलं की नाट्यसंगीत. मी आज सरळ एल्फच म्हणत राहिलो. तुमच्या आजीला ही गोष्ट सांगताना तुम्ही कुठला शब्द वापराल ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागाची सुरुवात त्यातल्या एकाने करतो.