नवी वाइन आणि दुकानदाराची जीभ

कापड घेणारा गृहस्थ त्याचा पोत बोटांनीं पाहतो. तांदूळ घेणारी गृहिणी दोन दाणे दांतांखालीं धरते. आंबा तर आपण नाकाशीं नेल्यावांचून घेतच नाहीं. वाइनची बाटली मात्र बूच काढल्यावांचून पारखतां येत नाहीं, आणि बूच काढलेली बाटली पुन्हां फळीवर मांडतां येत नाहीं. म्हणून चांगला वाइनविक्या नवा माल विक्रीस ठेवण्यापूर्वीं गिऱ्हाइकाच्या वतीनें तो स्वतः चाखतो. मद्याला स्पर्श न करणाऱ्या श्रोत्यांनाहि ही परीक्षा बोधक वाटावी. कारण तींत प्रश्न जिभेचा आहे, तितकाच मनाच्या निःपक्षपातीपणाचा आहे.

परीक्षेची वेळ शक्यतों सकाळची, जेवणापूर्वींची. बिनगोड वाइन आधीं, गोड मागून. हलकी आधीं, भारी मागून, असा क्रम सामान्यतः पाळतात. नाहीं तर एकीची चव दुसरीला झांकून टाकते. पेल्यांत सुमारें ५० मिलिलिटर वाइन घेऊन प्रथम पांढऱ्या कागदावर तिचा रंग पाहावयाचा. तांबड्या वाइनची जांभळी छटा तिचें तारुण्य दाखविते, विटकरी छटा वय. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावयाचा. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर दोष बहुधा बुचाचा असतो. या वासाचें मूळ असलेलें ट्रायक्लोरोॲनिसोल नांवाचें द्रव्य १९८१ मध्यें स्विस शास्त्रज्ञांनीं ओळखलें. लिटरमागें तें कांहीं नॅनोग्रॅम असलें तरी वाइन बिघडते.

शेवटीं घोट. तो तोंडभर फिरवून थुंकून टाकावयाचा, कारण एका बैठकींत कित्येक वाइन चाखावयाच्या असतात, आणि मद्यार्क पोटांत गेला कीं पारख मंदावते. आंबटपणा, गोडवा, मद्यार्काची ऊब, आणि द्राक्षाच्या साली व बिया यांतून उतरलेला तुरटपणा यांचा मेळ कसा बसला आहे, व चव जिभेवर किती वेळ रेंगाळते, हें टिपून ठेवावयाचें. नव्या वाइनचा तुरटपणा हा नेहमींच दोष नव्हे. अढींत घातलेल्या कैरीवरून आंब्याचा अंदाज बांधावा, तसा येथें उद्यांच्या चवीचा अंदाज बांधावा लागतो.

परंतु या परीक्षेचा खरा शत्रु आहे बाटलीवरची चिठ्ठी. मोठें नांव आणि मोठी किंमत दिसली कीं जीभ आपोआप आदरानें वागूं लागते. पॅरिसमध्यें वाइनचें दुकान चालविणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनीं २४ मे १९७६ रोजीं ही गोष्ट जगापुढें आणली. नऊ फ्रेंच तज्ज्ञांपुढें त्यांनीं फ्रान्सच्या नामांकित व कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नांवें झांकून ठेवल्या. पांढऱ्यांत शातो माँटेलीना, तांबड्यांत स्टॅग्ज लीप, अशा कॅलिफोर्नियाच्याच दोन वाइन पहिल्या आल्या; दोन्ही १९७३ सालच्या. एका तज्ज्ञाला तर कॅलिफोर्नियाची वाइन चाखून आपण फ्रान्सला परतलों असें वाटलें!

तथापि, चिठ्ठी झांकली म्हणजे सर्व साधलें असें नव्हे. त्या दिवशीं तांबड्यांतील पहिल्या दोघींच्या गुणांत अंतर अगदीं थोडें होतें. पुढें कॅलिफोर्नियांतील एका मोठ्या स्पर्धेंत परीक्षकांना, न सांगतां, एकाच बाटलींतील वाइन तीन वेळां देण्यांत आली. रॉबर्ट हॉजसन यांनीं २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासांत, तिन्ही वेळां जवळजवळ सारखाच निर्णय देणारे परीक्षक दहांत सुमारें एकच निघाले.

तेव्हां शहाणा दुकानदार काय करतो? बाटल्या कापडांत गुंडाळतो. नव्या वाइनशेजारीं त्याच किंमतीची, आपल्या परिचयाची वाइन ठेवतो. सोबत्यांशीं बोलण्यापूर्वीं आपलें मत लिहून काढतो. आणि दुसऱ्या दिवशीं, अन्नाबरोबर, तीच वाइन पुन्हां चाखतो. मत ठरल्यावरच तो किंमत विचारतो. ज्या गिऱ्हाइकाला बूच काढून पाहतां येत नाहीं, त्यानें टाकलेला विश्वास हेंच त्याचें भांडवल. आणि तें राखावयाचें, तर दुसऱ्याच्या मालापूर्वीं त्यानें स्वतःच्या जिभेचीच परीक्षा घेत राहिलें पाहिजे.