मुलाला पथकात घालण्यापूर्वी

जून महिन्यात शाळा उघडल्या, की वह्यापुस्तकांच्या यादीबरोबर स्काउट-गाइड पथकात नाव नोंदविण्याविषयीचा एक कागद मुलांच्या दप्तरातून घरी येतो. आणि बहुतेक घरांत तो, खाली सही करून व शुल्काची किरकोळ रक्कम जोडून, दुसऱ्याच दिवशी परत जातो. ज्या संस्थेशी मुलाचा संबंध या एका सहीने जोडला जातो आणि मनात आणल्यास तारुण्यापर्यंत टिकू शकतो, ती संस्था कोठून आली, तिची घडण कशी आहे, ती मुलाकडून काय मागते आणि आईबापांकडून काय मागते, याची विचारपूस करावी असे फार थोड्यांच्या मनात येते. ती विचारपूस अगत्याची आहे असे मला वाटते, म्हणून हा परिचय.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात माफेकिंग शहराला पडलेला वेढा २१७ दिवस चालला, तेव्हा निरोप पोचविण्यासारखी कामे शहरातील अल्पवयीन मुलांच्या पथकाने निभावून नेली. जबाबदारी टाकली तर मुले ती पेलतात, हा अनुभव तेथील सेनानी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी मनात जपला. पुढे १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुखवस्तू व श्रमजीवी अशा दोन्ही थरांतील सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवून त्यांनी त्या अनुभवाची परीक्षा घेतली, आणि १९०८ मध्ये पुस्तकरूपाने तो जगापुढे मांडला. हिंदुस्थानात १९०९ साली कॅप्टन बेकर यांनी बंगलोरला पहिले पथक काढले. परंतु ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. या देशातील मुलांना या देशातच दार बंद असावे, हे ज्यांना सहन झाले नाही त्यांत ॲनी बेझंट होत्या, ज्यांनी १९१६ मध्ये मद्रासला हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली; आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी होते, ज्यांच्या सेवा समितीच्या बालवीरांनी यात्राजत्रांच्या गर्दीत सेवेचे व्रत घेतले. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या संघटना विलीन होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था अस्तित्वात आली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही तीत सामील झाली. हा इतिहास पालकांनी जाणून घ्यावा, कारण सेवा हे या चळवळीचे भारतीय अंग आहे आणि ते पुष्कळ कष्टाने मिळविलेले आहे.

स्काउट हे नाव लावणाऱ्या एकाहून अधिक संस्था देशात आहेत. तेव्हा आपले मूल ज्या पथकात जाणार ते कोणत्या संस्थेशी संलग्न आहे आणि त्याची त्या वर्षाची नोंदणी झाली आहे किंवा नाही, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे. मुलांच्या आणि मुलींच्या अशा दोन्ही जागतिक संघटनांची मान्यता भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेला आहे. तिच्यात प्राथमिक शाळेच्या वयाचे मुलगे कब आणि मुली बुलबुल होतात; दहाव्या वर्षी स्काउट व गाइड यांची पायरी येते; आणि पुढे महाविद्यालयीन वयात रोव्हर व रेंजर म्हणून पंचविसाव्या वर्षापर्यंत राहता येते. स्काउट-गाइडांची प्रगती प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार या क्रमाने होते, आणि प्रत्येक पायरीला किमान काळाचे बंधन असते. दहावीच्या वर्षी अकस्मात जागे होऊन पुरस्कार पदरात पाडता येत नाही, हे ओघानेच आले.

प्रवेशाच्या वेळी मूल एक वचन घेते. ईश्वराविषयीचे आणि देशाविषयीचे कर्तव्य करणे, दुसऱ्यांना मदत करणे व स्काउट-गाइड नियम पाळणे, असा त्याचा आशय आहे. ज्यांना ईश्वर या शब्दाचा उच्चार रुचत नाही त्यांना त्या जागी धर्म हा शब्द घेण्याची मुभा नियमांतच आहे. घरात याविषयी काही आग्रह असेल तर तो आधी बोलून घ्यावा; दीक्षाविधीच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या मुलावर तो निर्णय टाकू नये.

परंतु ही चळवळ ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती गणवेशात नाही, स्काउटांच्या त्या डाव्या हाताच्या हस्तांदोलनात नाही, किंवा प्रजासत्ताकदिनाच्या संचलनातही नाही. ती संघपद्धतीत आहे. पथकातील मुलांचे सहा ते आठ जणांचे संघ पाडलेले असतात. प्रत्येक संघाचा नायक त्या मुलांतलाच एक असतो. कोणी दप्तर सांभाळतो, कोणी सामानाचा हिशेब ठेवतो, कोणाकडे प्रथमोपचाराची पेटी असते. आणि संघनायकांची जी मानसभा भरते तीत शिबिराचा बेत, खर्चवेच आणि कोणाकडून शिस्तीचा भंग झाला असल्यास त्याचाही विचार मुलेच करतात, मोठी माणसे सल्ल्यापुरती हजर असतात. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती सात जणांच्या जेवणाची आणि मुक्कामाची खरीखुरी जबाबदारी देणारी दुसरी व्यवस्था आपल्या शिक्षणक्रमात मला आढळलेली नाही. जेथे संघ केवळ नोंदवहीत आहेत, मानसभा कधी भरत नाही, आणि वर्षातून दोनदा कवायतीपुरती मुले मैदानात उभी केली जातात, तेथे वेष स्काउटांचा असेल. स्काउटिंग तेथे नाही.

द्वितीय सोपानात उघड्यावर, दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता, लाकडांचा विस्तव पेटवावा लागतो. घरी गॅसची कळ फिरविली की ज्योत उठते, एवढेच ज्याने पाहिले आहे असा मुलगा प्रथम वारा कोणीकडून येतो ते पाहून त्याकडे पाठ करून बसतो. वाळका पाचोळा खाली, त्यावर काडीएवढ्या काटक्या, त्यांवर बोटाएवढ्या, अशी रचना करतो. आणि उतावीळ होऊन जाड लाकूड लवकर वर ठेवल्यामुळे धूर कोंडून पहिली काडी फुकट जाते. मग दुसरी काडी हातात धरून तो थांबतो, सारी रचना उसकटतो आणि पाचोळ्यात हवा खेळेल अशा बेताने ती नव्याने मांडतो. जवळ उभ्या असलेल्या स्काउटमास्तराला त्या क्षणी काही न बोलता राहता येते की नाही, यावरून त्या पथकाची योग्यता मी ठरवीन. पालकांनीही हाच संयम शिकावयाचा असतो. शिबिरात भाजी करपेल, तंबूचा दोर ढिला बांधल्यामुळे रात्री उठावे लागेल, अंथरूण नीट गुंडाळले नाही म्हणून निरीक्षणात संघाचे गुण जातील. या साऱ्याची वार्ता ऐकून तिसऱ्या दिवशी फराळाचे डबे घेऊन शिबिराच्या फाटकाशी येणारी आई, तिचा जिव्हाळा कितीही खरा असला तरी, मुलाच्या हातातले काम काढून घेत असते.

येथपर्यंत मी पालकांना मागे राहावयास सांगितले; एका बाबतीत मात्र त्यांनी पुढे यावे, आणि संकोच न करता यावे. अमेरिकेतील स्काउट संघटनेने २०२० च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, तो तिच्याकडील मुलांवर अनेक दशके झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे. असे दावे करणाऱ्यांची संख्या ८२ हजारांच्या वर गेली. मुलांचा विश्वास, एकान्ताचा मुक्काम आणि प्रौढांचा अधिकार एकत्र आले असता देखरेख ढिली राहिली तर काय अनर्थ होतो, याचा हा दाखला आहे, आणि तो केवळ त्या एका देशाचा प्रश्न समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ पासून आहे. परंतु कायदा बहुधा अपराधानंतर येतो, पालकांचा प्रश्न आधी विचारता येतो. शिबिरात प्रौढ किती असतील, एखादा प्रौढ एकाच मुलाबरोबर एकटा राहणार नाही अशी तजवीज आहे काय, मोठ्यांची निजण्याची जागा मुलांपासून वेगळी आहे काय, मुलींच्या शिबिराचा कारभार स्त्रियांकडे आहे काय, नदीत किंवा तलावात उतरावयाचे असल्यास पोहण्यात तरबेज माणूस काठावर राहील काय, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, हे सारे विचारावे. पथकप्रमुख सुज्ञ असेल तर त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्याला राग येतो त्याच्याकडे मूल पाठवू नये, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

लाभाची चर्चाही घरोघर होते. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाइडांसाठी राखीव जागा असतात, आणि तेवढ्यासाठी मुलाला पथकात घालणारे पालक आहेत. त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र प्रमाणपत्रावर नजर ठेवून आलेले मूल गाठी मारण्याचा कंटाळा करू लागते आणि एक-दोन वर्षांत गळते, हे त्यांनी लक्षात घ्यावे. गणवेश, शिबिराचे शुल्क आणि प्रवास यांचा वर्षाचा अंदाज आधी मागून घ्यावा. एखाद्या घराला तो भार जड असेल तर पथकाने मुलांच्या ‘खरी कमाई’तून, म्हणजे त्यांनी लहानसहान कामे करून मिळविलेल्या पैशांतून, काही वाटा उचलावा अशी सूचना करण्यास हरकत नाही. पुण्याच्या मुलींना तर आणखी एक संधी दाराशीच आहे: १९६६ मध्ये उघडलेले ‘संगम’ हे गाइडांचे जागतिक केंद्र तेथे आहे, आणि देशोदेशींच्या मुली तेथे मुक्कामाला येतात.

चांगली पथके मोडतात ती बहुतांशी मुलांच्या अभावी नव्हे. शाळेतील एका शिक्षकावर पथकाचा सारा बोजा पडतो, त्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो, आणि तंबू व काठ्या शाळेच्या कोठीत पडून राहतात. पथक चालविण्यास शिक्षकच असावे लागते असे नाही. शाळेबाहेरची खुली पथकेही निघू शकतात, आणि त्यांच्या चालकांसाठी संस्थेची निवासी प्रशिक्षण शिबिरे भरतात. तेव्हा नोंदणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी पथकाची एक साप्ताहिक सभा प्रत्यक्ष पाहावी, आणि ती पसंत पडल्यास, घरातील ज्या कोणाला आठवड्यातून एक सायंकाळ मोकळी करता येत असेल त्याने मुलाच्या नावाबरोबर स्वतःचे नावही प्रशिक्षणासाठी द्यावे.